राष्ट्रीय लॉटरी उभी कशी राहते? परवाना कोणाला आणि कशाच्या जोरावर?

अनवट
आपल्याकडे लॉटरी राज्यांची. महाराष्ट्राची १२ एप्रिल १९६९ पासून, केरळची त्याच्याही आधीपासून. पण अख्ख्या देशाची एकच लॉटरी आणि ती चालवायला सरकारने ठरावीक वर्षांसाठी नेमलेली कंपनी, ही पद्धत ब्रिटन, आयर्लंड, दक्षिण आफ्रिकेत आहे. ती शून्यातून उभी कशी करतात, हे इथल्या जाणकारांकडून समजून घ्यायचं आहे. आधी कायदा की आधी नियामक? चालक निवडताना नेमकं काय तपासतात? तिकिटाच्या पैशातले कोणाला किती जातात? आणि भारत सरकारने उद्या अशी लॉटरी काढायची ठरवली, तर तो साचा इथे बसेल का?
लॉटरी असावी की नसावी हा वाद मोठा आहे. तो आला तर येऊ दे, पण रचनेबद्दल आधी बोलूया.

थेम्सकाठी
ब्रिटनपुरतं सांगतो. क्रम असा होता: कायदा, मग नियामक, मग पैसे वाटणारी मंडळं आणि सगळ्यात शेवटी निविदा.

१९९३ साली नॅशनल लॉटरी कायदा झाला. त्यात महासंचालकाचं पद निर्माण केलं आणि त्या कार्यालयाला 'ऑफलॉट' म्हणू लागले. या कायद्याचं चौथं कलम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात नियामकाच्या कर्तव्यांचा अग्रक्रम ठरवून दिला आहे. लॉटरी सचोटीने चालली पाहिजे आणि तिकीट घेणाऱ्याचं हित जपलं पाहिजे, या दोन गोष्टी आधी. त्यांना धक्का न लावता जमेल तितका जास्त पैसा लोकोपयोगी कामांना, ही तिसरी. क्रम उलटा असता तर विक्री वाढवायच्या नादात बाकीचं मागे पडलं असतं.

परवाने दोन थरांचे. पाचव्या कलमाखाली अख्खी लॉटरी चालवण्याचा एकच परवाना, एकाच कंपनीला. सहाव्या कलमाखाली प्रत्येक खेळाचा वेगळा. म्हणजे चालकाला नवं खरवडायचं तिकीट बाजारात आणायचं तरी नियामकाकडे जावं लागे.

पहिल्या वेळी आठ अर्ज आले. मे १९९४ मध्ये 'कॅमलॉट'ला परवाना मिळाला. कॅडबरी श्वेप्स, नोटा छापणारी डी ला रू, लॉटरीची यंत्रणा पुरवणारी जीटेक, संगणकवाली आयसीएल आणि दळणवळणवाली रॅकल, असा तो समूह. नावं वाचलीत तर लक्षात येईल की छपाई, यंत्रणा, जाळं आणि दुकानातली विक्री यांतलं एकेक काम येणारा एकेक भागीदार त्यात होता. पहिली सोडत १९ नोव्हेंबर १९९४ ला. हातात जेमतेम सहा महिने होते.

आणि एक. लोकोपयोगी कामांचा पैसा चालकाने वाटायचा नाही. तो सरकारच्या एका वेगळ्या निधीत जातो आणि तिथून कला, क्रीडा, वारसा, धर्मादाय अशा मंडळांकडे. चालवणारा, देखरेख करणारा आणि वाटणारा, तिघं वेगळे.

मु. पो. डोंबिवली
उत्तम माहिती. पण एकच चालक का? दोन-तीन ठेवले तर स्पर्धा नाही का होणार?

शून्यलब्धी
@मु. पो. डोंबिवली, स्पर्धा परवान्यासाठी होते, परवाना मिळाल्यावर नाही. कारण मोठं बक्षीस सगळ्यांच्या तिकिटांच्या पैशांतूनच उभं राहतं. तेच खेळणारे तीन लॉटऱ्यांत विभागले तर तीन किरकोळ बक्षिसं तयार होतात आणि तिन्हींना गर्दी होत नाही.

खेळ किती अंकांचा ठेवायचा हेही त्याच हिशेबात बसतं. ब्रिटनमध्ये सुरुवातीला ४९ मधून ६ अंक होते, म्हणजे १,३९,८३,८१६ जोड्या. ऑक्टोबर २०१५ मध्ये ५९ मधून ६ केले आणि जोड्या झाल्या ४,५०,५७,४७४. जोड्या वाढल्या की पहिलं बक्षीस वरचेवर लागत नाही, पुढे ढकललं जातं आणि साठत जातं. लोकसंख्या आणि विक्री यांच्या मानाने हा आकडा कमी ठेवला तर काय होतं ते आयर्लंडने पाहिलं. तिथे ३६ मधून ६ होते, म्हणजे फक्त १९,४७,७९२ जोड्या, आणि एका जोडीला ५० पेन्स. सगळ्या जोड्या घ्यायला आयरिश ९,७३,८९६ पौंड पुरत होते. मे १९९२ मध्ये बक्षीस साठून १७ लाखांवर गेलं, तेव्हा एका गटाने ८० टक्क्यांहून अधिक जोड्या विकत घेतल्या. लॉटरीवाल्यांना शेवटच्या दिवसांत सुगावा लागला आणि त्यांनी त्या गटाची खरेदी होत असलेल्या यंत्रांवर मर्यादा घालायला सुरुवात केली, पण उशीर झाला होता. पहिलं बक्षीस तिघांत वाटलं गेलं, तरी खालच्या बक्षिसांच्या जोरावर गट फायद्यात राहिला. मग आयर्लंडने ३६ चे ३९ केले आणि पुढे वाढवतच नेले.

परवान्याच्या अर्जात खेळाचं गणित जोडायला लावतात ते याचसाठी. तिकिटाची किंमत × एकूण जोड्या हा आकडा साठलेल्या बक्षिसाच्या किती वर राहतो, हे कोणत्याही नियामकाने पहिल्या दिवशी बघायला हवं.

पैंजण
रचनेवरच बोलायचं असलं तरी एक म्हणते. हा पैसा येतो कुठून? ज्यांच्याकडे कमी आहे त्यांच्याच खिशातून जास्त प्रमाणात येतो. त्याला लोकोपयोगी कामाचं नाव देऊन सरकारने जाहिरात करणं मला पटत नाही. आपल्याकडे मटका बंद पाडायला म्हणून राज्याची लॉटरी आणली. मटका काही बंद पडला नाही, लॉटरी मात्र वाढली.

लेखापाल
@पैंजण, तुमचा मुद्दा रचनेच्या बाहेरचा नाही. नफ्याचं सूत्र चुकलं की नेमकं तुम्ही म्हणता तेच होतं.

ब्रिटनमध्ये पहिल्या परवान्यात एका पौंडाची वाटणी साधारण अशी होती: बक्षिसं ५०, लोकोपयोगी कामं २८, लॉटरी शुल्क १२, दुकानदार ५, चालकाचा खर्च आणि नफा मिळून ५.

तिसऱ्या परवान्यात, २००९ पासून, गोम झाली. वेगवेगळ्या खेळांवर लोकोपयोगी वाटा वेगवेगळा पडतो. अंकांच्या सोडतीवर जास्त, खरवडायच्या तिकिटावर कमी, कारण खरवडायच्या तिकिटात बक्षिसांचा वाटा मोठा ठेवावा लागतो. लोक सोडतीकडून खरवडायच्या तिकिटांकडे वळले. विक्री वाढली, पण जिथे लोकोपयोगी वाटा कमी तिथे वाढली. २००९-१० ते २०१६-१७ या काळात विक्री २७ टक्क्यांनी वाढली, लोकोपयोगी पैसा फक्त २ टक्क्यांनी आणि चालकाचा नफा १२२ टक्क्यांनी. हे तिथल्या लेखापरीक्षकांनी आणि संसदेच्या लोकलेखा समितीने मांडलेले आकडे आहेत. कोणी चोरी केली नव्हती. परवान्यात लिहिल्याप्रमाणेच सगळं चाललं होतं. सूत्रच चुकीचं लिहिलं होतं.

म्हणून चौथ्या परवान्यात चालकाचा नफा लोकोपयोगी रकमेला बांधला. तो पैसा वाढला तरच नफा वाढेल.

पैंजण
हे आकडे माहीत नव्हते. धन्यवाद. तिकीट घ्यायच्या वयाचं काय आहे तिथे?

थेम्सकाठी
@पैंजण, सुरुवातीपासून १६ होतं. २०२१ मध्ये १८ केलं.

मसुदा
लेखापालांनी सूत्राचं सांगितलं. निवडीची प्रक्रिया कुठे फाटते ते मी सांगते, कारण सगळ्यात जास्त भांडणं तिथेच झाली आहेत.

*ब्रिटन, २०००.* दुसऱ्या परवान्यासाठी दोनच गंभीर अर्जदार होते: कॅमलॉट आणि रिचर्ड ब्रॅन्सन यांची 'पीपल्स लॉटरी'. तोवर नियमनाचं काम एका माणसाकडून काढून आयोगाकडे दिलेलं होतं. त्यालाही कारण होतं. पहिल्या महासंचालकांनी परवाना मिळालेल्या समूहातल्या एका भागीदाराच्या विमानातून अमेरिकेत प्रवास केल्याचं उघड झालं होतं आणि १९९८ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं होतं. ऑगस्ट २००० मध्ये आयोगाने दोन्ही अर्ज अपुरे ठरवले. इथवर ठीक. पण मग त्रुटी दूर करायची संधी एकालाच दिली आणि वाटाघाटी फक्त पीपल्स लॉटरीशी सुरू केल्या. कॅमलॉट उच्च न्यायालयात गेली आणि सप्टेंबरमध्ये न्यायालयाने तो निर्णय अन्यायकारक ठरवून रद्द केला. आयोगाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, नवे अध्यक्ष आले आणि डिसेंबरमध्ये परवाना कॅमलॉटलाच मिळाला. या सगळ्यात इतका वेळ गेला की जुन्या चालकाला मधल्या काळासाठी हंगामी परवाना द्यावा लागला. नवा परवाना जानेवारी २००२ मध्ये सुरू झाला.

*दक्षिण आफ्रिका, २००७.* इथे मधल्या काळाची सोयच झाली नाही. परवाना दिला गेला, न्यायालयाने तो रद्द केला, कारण भागधारकांत राजकीय पक्षांचे किंवा पदाधिकाऱ्यांचे हितसंबंध नाहीत ना, याची कायद्याने सांगितलेली खातरजमा मंत्र्यांनी नीट केली नव्हती. परिणाम, एप्रिल ते ऑक्टोबर लॉटरी बंद.

*ब्रिटन, पुन्हा, २०२२.* मार्चमध्ये चौथ्या परवान्यासाठी 'ऑलविन' कंपनीची निवड जाहीर झाली आणि कॅमलॉट लगेच न्यायालयात गेली. दावा दाखल झाला की परवाना देणं आपोआप स्थगित होतं. ती स्थगिती जूनमध्ये उठली, सप्टेंबरमध्ये परवाना दिला आणि १ फेब्रुवारी २०२४ ला ऑलविनने काम सुरू केलं. मधल्या काळात ऑलविनने कॅमलॉट कंपनीच विकत घेतली, म्हणून यंत्रं आणि माणसं जागेवर राहिली.

यातून निविदा काढणाऱ्याने घ्यायच्या गोष्टी अशा. गुणांकनाचे निकष आणि त्यांचे भार आधी जाहीर करायचे. त्रुटी दुरुस्तीची संधी सगळ्यांना एकाच मुदतीत. जुन्या चालकाने यंत्रणा, दुकानांची यादी आणि न दिलेल्या बक्षिसांची नोंद कशी सोपवायची, याचा करार पहिल्याच परवान्यात लिहून घ्यायचा. परवाना संपत आल्यावर हे मागायला गेलं तर कोणी देत नाही.

अनवट
@मसुदा, अफाट. म्हणजे परवाना देतानाच तो काढून घेण्याची तयारी लिहून ठेवायची.

पिंपळपान
आयर्लंडचा दुसरा नमुनाही नोंदवतो. तिथे १९८७ पासून टपाल खात्याच्या कंपनीकडे लॉटरी होती. २०१३ च्या नव्या कायद्यानंतर २०१४ मध्ये २० वर्षांचा परवाना दिला आणि सरकारने त्यासाठी ४०.५ कोटी युरो घेतले. सरकारला हातात रक्कम मिळते हे खरं, पण चालक ती रक्कम पुढची वीस वर्षं तिकिटांतून वसूल करणार. मला ब्रिटनची पद्धत बरी वाटते.

लेखापाल
@पिंपळपान, असहमत. देशाकडे पैसा नसेल आणि एखादं रुग्णालय आज बांधायचं असेल तर आगाऊ रक्कम वाईट नाही. फक्त मुदत वीस वर्षांची ठेवली की सूत्र चुकल्याचं कळूनही हात बांधलेले राहतात. मुदत दहा वर्षांच्या वर नको.

वाळूघड्याळ
सध्या ताजं उदाहरण बघायचं तर अमिरातींचं बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये आधी नियामक प्राधिकरण स्थापन केलं. जानेवारी २०२४ पासून तोवर चालणाऱ्या मोठ्या सोडती थांबल्या. जुलै २०२४ मध्ये एका कंपनीला परवाना आणि १४ डिसेंबर २०२४ ला पहिली सोडत. जुनं थांबवून मैदान मोकळं केलं, मग नवं आणलं. खेळ तारखेसारखा आहे: ३१ दिवसांतून ६ आणि १२ महिन्यांतून १. इथल्या, म्हणजे अमिरातींतल्या, मराठी मंडळींत ऑफिसातले दहा जण मिळून तिकीट काढतात. त्यांना एकच सांगणं, कोणाचे किती दिरहम ते आधी लिहून ठेवा आणि तिकिटाचा फोटो सगळ्यांकडे असू द्या.

शून्यलब्धी
@वाळूघड्याळ, ३१ मधून ६ च्या ७,३६,२८१ जोड्या × १२ महिने = ८८,३५,३७२ जोड्या.

रत्नपारखी
सोडतीच्या यंत्रणेबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

१. *चेंडू.* एप्रिल १९८० मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या लॉटरीत ४ आणि ६ सोडून बाकीच्या चेंडूंत रंग टोचून ते जड केले होते. हलके चेंडूच वर येणार, त्यामुळे निकाल लागला ६६६. तेव्हापासून चेंडूंचे अनेक संच, त्यांचं वजन आणि व्यास मोजणं, मोहोरबंद पेटी, आणि कोणता संच व कोणतं यंत्र वापरायचं हेही सोडतीआधी चिठ्ठीने ठरवणं, असा रिवाज पडला.

२. *संगणकी सोडत.* अमेरिकेतल्या 'हॉट लोटो' या लॉटरीत सुरक्षेच्या प्रमुखानेच आकडे काढणाऱ्या प्रणालीत काही ओळी घुसवल्या होत्या. वर्षातल्या तीन ठरावीक तारखांना, तेही बुधवारी किंवा शनिवारी रात्री आठनंतर सोडत असेल, तरच त्या जाग्या व्हायच्या. एरवी सगळं शुद्ध. म्हणून सहा महिने चाचणी घेतली तरी हाती काही लागलं नसतं. प्रणाली लिहिणारा, बसवणारा आणि तपासणारा एकच माणूस असता कामा नये.

३. *न घेतलेली बक्षिसं.* इथे लोक फार गाफील असतात. ब्रिटनमध्ये २००९ साली २५ लाख पौंडांचं बक्षीस मुदत संपायच्या तोंडावर एका बनावट, फाटक्या तिकिटावर दिलं गेलं. तिकिटाचा खालचा, पट्टीरेषांचा (बारकोडचा) भागच त्यावर नव्हता. आतल्या कर्मचाऱ्याला कोणती बक्षिसं पडून आहेत ते दिसत होतं. २०१६ मध्ये नियामकाने चालकाला ३० लाख पौंडांचा दंड केला. पडून असलेल्या बक्षिसांची यादी पूर्ण तपशिलासह कोणा एकाला दिसता कामा नये.

शिवाय विक्री बंद झाली की विकलेल्या तिकिटांची सगळी नोंद सोडतीच्या आधी नियामकाच्या ताब्यातल्या वेगळ्या यंत्रणेत गोठवायची. चेंडू फिरायला लागल्यावर एकही तिकीट तयार होता कामा नये.

मु. पो. डोंबिवली
ब्रिटनच्या सोडतीच्या यंत्रांची नावं आर्थर राजाच्या गोष्टीतली, आर्थर, गिनेव्हिअर, लान्सलॉट, मर्लिन अशी होती म्हणे! आपल्याकडे काढलीच तर भीम आणि हिडिंबा ठेवूया.

कोचीकर
आपल्याकडचा सगळ्यात शिस्तीचा नमुना केरळचा. १९६७ मध्ये सरकारचं लॉटरी खातं, २६ जानेवारी १९६८ ला पहिली सोडत, तिकीट १ रुपया, पहिलं बक्षीस ५०,००० रुपये. आजही फक्त कागदी तिकीट. मधे मोठा वितरक नाही. खातं जिल्हा कार्यालयातून थेट एजंटाला गठ्ठे विकतं, एजंट फिरत्या विक्रेत्यांना. २०११ पासून 'कारुण्य' तिकिटाचा पैसा गरिबांच्या उपचारांना जोडला.

बक्षिसाचा हिशेब लोकांना कळत नाही म्हणून देतो. ओणमच्या २५ कोटींच्या बंपरमध्ये आधी १० टक्के एजंटाचे, म्हणजे २.५ कोटी. उरलेल्या २२.५ कोटींवर ३० टक्के कर, म्हणजे ६.७५ कोटी. विजेत्याच्या हाती येतात १५.७५ कोटी. अधिभार आणि उपकर त्यानंतर स्वतः भरायचा, तो विसरून खर्च करणारे पुढच्या वर्षी अडचणीत येतात.

मांडवी
गोव्याचं वेगळं. इथे लॉटरी राज्य सरकारची, छपाईवर सरकारची मुद्रा, सोडत सरकारची, पण विक्री नेमलेल्या कंपनीमार्फत. वरती बऱ्याच जणांनी 'चालकाचा परवाना' म्हटलंय. आपल्याकडे तसा शब्दच लागू नाही. कंपनी वितरक असते, चालक नाही. मसुदाताई, कायद्याचं नीट सांगाल का?

मसुदा
@मांडवी, बरोबर पकडलंत.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत जुगार हा राज्यांचा विषय आहे, राज्यसूची नोंद ३४. पण भारत सरकारने किंवा राज्य सरकारने चालवलेली लॉटरी संघसूचीत आहे, नोंद ४०. म्हणूनच १९८४ मध्ये, महाराष्ट्राने इतर राज्यांच्या तिकिटांवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने एच. अनराज खटल्यात टिकू दिली नाही. पुढे संसदेने १९९८ चा लॉटरी विनियमन कायदा केला आणि तो २ ऑक्टोबर १९९७ पासून लागू धरला. पाचव्या कलमाने राज्याला इतर राज्यांची तिकिटं बंद करायचा अधिकार मिळाला. १९९९ च्या बी. आर. एंटरप्रायझेस निकालाने त्याला अट घातली: स्वतःची लॉटरी बंद असेल तरच दुसऱ्याची बंद करता येईल.

चौथं कलम प्रत्येकाने वाचावं. एक अंकी किंवा आधी जाहीर केलेल्या आकड्यावर बक्षीस नाही. तिकीट राज्य छापणार, राज्याच्या मुद्रेसह. विक्रीचा पैसा राज्याच्या लोकलेख्यात, म्हणजे सरकारी खात्यात. सोडत राज्य स्वतः काढणार, तीही राज्याच्या हद्दीत. एका लॉटरीची आठवड्यात एकच सोडत. वर्षात बंपर सहाच. न नेलेलं बक्षीस सरकारचं. २०१० च्या नियमांनी सगळ्या योजना मिळून दिवसाला २४ सोडतींची मर्यादा घातली.

एक अंकी बंदीमागे नव्वदच्या दशकातला अनुभव आहे. दिवसभर दर थोड्या वेळाने निकाल, दहापैकी एक आकडा, म्हणजे सरकारी शिक्क्याचा मटकाच.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वितरक राज्याचा दलाल नाही, तो स्वतःच्या हिशेबाने तिकिटं घेणारा व्यापारी आहे, असं धरून वितरकांवरचा सेवाकर नाकारला. म्हणजे ब्रिटनसारखा 'परवानाधारक चालक' इथे कायद्यात बसतच नाही. केंद्राला तसा हवा असेल तर नोंद ४० खाली नवा कायदा करावा लागेल.

लेखापाल
आणि कायदा केला तरी कराचं गणित अडवेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर जीएसटी ४० टक्के आहे. तो तिकिटाच्या किमतीतच धरलेला असतो, म्हणून १०० रुपयांच्या तिकिटात ४०/१४०, म्हणजे २८ रुपये ५७ पैसे कर. ब्रिटनमध्ये हाच आकडा १२. बक्षिसांना ५० ठेवले तर उरतात २१ रुपये ४३ पैसे. त्यात विक्रेता, वितरण, छपाई, यंत्रणा, चालक आणि लोकोपयोगी काम. विक्रेत्याला पोटापुरतं दिलं की लोकोपयोगी वाट्याला फारसं उरत नाही. बक्षीस कमी करावं तर माणूस मटक्याकडे वळतो.

पैंजण
पण तो करही शेवटी सरकारकडेच जातो ना? मग फरक काय?

लेखापाल
@पैंजण, कर सर्वसाधारण तिजोरीत जातो. लोकोपयोगी निधी कायद्याने बांधलेला असतो आणि कुठे गेला ते विचारता येतं. तिकीट घेणाऱ्याला दुसरं जास्त पटतं. कारुण्यवर केरळात लोकांचा लोभ आहे तो त्याचसाठी.

सांजवेळ
थोडं अवांतर: लंडनच्या भावाकडून तिथली तिकिटं घ्यायला इथून पैसे पाठवले तर चालतं का?

मसुदा
@सांजवेळ, नाही. परकीय चलनाच्या २००० च्या नियमांत लॉटरीच्या तिकिटांसाठी पैसे बाहेर पाठवायला सरळ मनाई आहे. आणि 'तुम्हाला ब्रिटनची लॉटरी लागली, आधी प्रक्रिया शुल्क भरा' असा मेल आला तर तो खोटाच. तिकीट घेतलेलंच नाही, तर बक्षीस कुठून येणार? खऱ्या लॉटरीत बक्षीस द्यायला कोणी आधी पैसे मागत नाही. घरातल्या ज्येष्ठांना हे आवर्जून सांगा.

अनवट
सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं विचारतो. केंद्राने नवा कायदा करायचा ठरवला, तर पहिल्या दिवशी टेबलावर कोणता कागद हवा?

मसुदा
परवान्याचाच मसुदा. निविदा काढण्याआधी तो जाहीर करायचा आणि अर्जदारांनी त्यावर सही करायच्या तयारीनेच यायचं. त्याच्या परिशिष्टात तीन गोष्टी: नफ्याचं सूत्र, हस्तांतराचा करार, आणि चालकाच्या दहा टक्क्यांहून जास्त भागभांडवलाच्या प्रत्येक धन्याचं नाव. दहा हा आकडा माझा. कमी करायचा असेल तर माझी हरकत नाही.

लेखापाल
पाच करा.